उपसृष्टी आणि प्रतिसृष्टी : अद्भुतिकेतील भूमी-देवता-परिचयाचा विचार

१

अद्भुतिकेच्या (म्हणजे ज्याला सर्रास 'फँटसी' म्हटले जाते त्या वाङ्मयप्रकाराच्या) आरंभी बहुधा एक परिचय येतो. या सृष्टीत भूमी किती, नद्या कोणत्या, कोणत्या दिशेला कोणाची सत्ता, देव कोण, त्यांच्यापैकी कोणाकडे समुद्र सोपवला आहे आणि कोणाकडे मृत्यू, अशा गोष्टींची ती नोंद असते. सामान्य वाचक ही नोंद घाईने ओलांडून कथेकडे वळतो. समीक्षकही तिला 'पार्श्वभूमी' म्हणून बाजूला ठेवतो आणि पात्रे, संघर्ष, आशयसूत्रे यांच्या विश्लेषणाला लागतो. नकाशा आणि देवतांची यादी म्हणजे जणू नाटकाच्या पुस्तकातील पात्रपरिचयाचे पान, अशी ही समजूत आहे.

ही समजूत तपासून पाहिली पाहिजे. वास्तववादी कादंबरीतील स्थलवर्णन वाचकाच्या पूर्वज्ञानावर विसंबू शकते. पुण्यातील पेठ किंवा कोकणातील खाडी यांचा नुसता उल्लेख झाला तरी उरलेला तपशील वाचक स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो. अद्भुतिकेच्या लेखकाला हा आधार नसतो. तिथे भूमीचे अस्तित्व केवळ विधानातून सिद्ध व्हायचे असते. त्यामुळे 'येथे एक नदी आहे' हे वाक्य तिथे वर्णनपर राहत नाही, ते निर्मितिपर ठरते. अशा वाक्यामागे कोणाचा अधिकार आहे, हा प्रश्न मग टाळता येत नाही.

त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९७० साली अद्भुताची जी मीमांसा केली तिच्या केंद्रस्थानी वाचकाची द्विधा आहे. घडते ते निसर्गनियमांत बसणारे की त्यांच्यापलीकडचे, हा निर्णय होत नाही तोवरच 'फँटास्टिक' टिकते. अलौकिक हे निःसंशय स्वीकारले गेले की कथा 'मार्व्हलस'च्या प्रांतात जाते. या वर्गीकरणानुसार ज्या अद्भुतिकेत भूमी आणि देवता यांचा रीतसर परिचय येतो, तिच्यात द्विधा पहिल्या पानावरच संपते. परंतु एक द्विधा संपली म्हणून वाचकाचे सारे प्रश्न संपतात असे नाही. 'हे खरे की भास' या प्रश्नाच्या जागी 'हे जग कोणी केले आणि ते करण्याचा त्याला हक्क काय' हा प्रश्न उभा राहतो. अद्भुतिकेतील परिचय-भाग या दुसऱ्या प्रश्नाला दिलेले उत्तर असतो. लेखकाची निर्मितिविषयक भूमिका, म्हणजेच त्याचे साहित्यशास्त्र, तिथे देवतांच्या रूपाने मांडलेले असते. लॉर्ड डन्सेनी, जे. आर. आर. टोल्किन आणि उर्सुला ले ग्विन या तीन लेखकांच्या आधारे हे प्रतिपादन तपासता येईल.

२

त्याआधी एका संज्ञेचा विचार आवश्यक आहे. टोल्किन याने १९३९ साली सेंट अँड्र्यूज येथे परीकथेविषयी एक व्याख्यान दिले. पुढे १९४७ साली ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. कथाकाराची निर्मिती ईश्वराच्या निर्मितीखाली, तिच्या आश्रयाने चालते, असे तो मानतो. कथाकार 'दुय्यम सृष्टी' रचतो आणि ती रचना नीट साधली तर वाचक तिच्यावर 'दुय्यम विश्वास' ठेवतो. या व्यापाराला त्याने जे नाव दिले त्याचे मराठीकरण करताना 'प्रतिसृष्टी' हा शब्द सहज सुचतो. शब्द रूढ आहे, भारदस्तही आहे. पण तो येथे चालेल काय?

'प्रतिसृष्टी' म्हटले की विश्वामित्र आठवतो. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात त्रिशंकूची कथा येते. सदेह स्वर्गाला निघालेल्या त्रिशंकूला इंद्राने खाली लोटले, तेव्हा विश्वामित्राने दक्षिण आकाशात दुसरे सप्तर्षी आणि दुसरी नक्षत्रमाला निर्माण केली. आता दुसरा इंद्रच घडवतो, नाहीतर इंद्रावाचून जग करतो, अशी त्याची भाषा होती. अखेर देवांनी तडजोड केली. विश्वामित्राची नक्षत्रे राहिली, परंतु वैश्वानरपथाच्या बाहेर, आणि त्रिशंकू खाली डोके करून तिथेच स्थिरावला. प्रतिसृष्टीत अशी स्पर्धा आहे, मूळ सृष्टीविषयीचा रोष आहे आणि शेवटी एक अर्धवट मान्यताही आहे. टोल्किनच्या कल्पनेत स्पर्धेला स्थान नाही. तिच्यासाठी 'उपसृष्टी' हाच शब्द योग्य होय.

हा भेद केवळ परिभाषेपुरता नाही. कल्पित जगाचा कर्ता स्वतःला मूळ सृष्टीचा अंकित मानतो की प्रतिस्पर्धी, यावर त्याच्या देवतांची रचना अवलंबून असते. म्हणून 'उपसृष्टी' आणि 'प्रतिसृष्टी' ही जोडी पुढील विवेचनात निकष म्हणून वापरली आहे.

३

डन्सेनीचे 'द गॉड्स ऑफ पेगाना' हे छोटे पुस्तक १९०५ साली प्रसिद्ध झाले. त्यात रूढ अर्थाने कथानक नाही. संपूर्ण पुस्तक हाच एक परिचय आहे आणि बायबलच्या जुन्या इंग्रजी अनुवादाचे वळण त्याच्या भाषेला आहे. आदिपुरुष माना-यूड-सुशाई लहान देवांना निर्माण करतो आणि विश्रांती घेतो. त्याच्यासमोर स्कार्ल हा ढोल वाजवत बसला आहे. ढोल थांबला की माना जागा होईल आणि मग देवही उरणार नाहीत, जगेही उरणार नाहीत. तोवर किब प्राण्यांना जीवन देतो, मुंग त्यांना मृत्यू देतो, सिश काळाला हाकतो आणि स्लिड समुद्राचा अधिपती होतो. लहान देवांनी जगे निर्माण केली ती खेळ म्हणून आणि हातांच्या खुणांनी, कारण बोलले तर पेगानाची शांतता भंगेल.

या परिचयात निर्मितीचा हक्क कोणाकडेच नीट स्थिर होत नाही. आरंभापूर्वी दैव आणि यदृच्छा यांनी फासे टाकले, जिंकणारा मानाकडे गेला आणि त्याने आपल्यासाठी देव मागितले. जिंकला कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही. सूर्य आणि जगे ही ढोलाचे पडसाद आहेत की ढोलाच्या नादाने मानाला पडणारी स्वप्ने, याविषयीही संहिता दोन मते नोंदवते आणि निर्णय देत नाही. देवही नाही आणि पशूही नाही असा ट्रोगूल एका ग्रंथाची पाने उलटत बसला आहे. पांढरे पान म्हणजे दिवस, काळे पान म्हणजे रात्र. प्रार्थनेने तो पान मागे फिरवत नाही.

भूमीविषयी डन्सेनी जवळजवळ काहीच सांगत नाही. पुस्तकाच्या अगदी आरंभी तो एवढेच नोंदवतो की, मध्यसागरात काही बेटे आहेत, त्या सागराला किनारा नाही, तिथे जहाज जात नाही, आणि पुढे येणारा मजकूर हा त्या बेटांवरील लोकांचा धर्मविश्वास आहे. हे निवेदन बारकाईने वाचण्यासारखे आहे. जिथे जहाजच जात नाही तिथला धर्म निवेदकाला कळला कसा? निवेदक आपला अधिकार सांगतो आणि त्याच श्वासात तो रद्दही करतो. डन्सेनीच्या परिचयाची गंमत आणि मर्यादा दोन्ही येथे आहेत. ही उपसृष्टी नव्हे, कारण तिच्यावर कोणा श्रेष्ठ निर्मात्याचे छत्र नाही. तिला प्रतिसृष्टीही म्हणता येत नाही, कारण स्पर्धा करावी असे समोर कोणी जागे नाही. जी आहे ती खेळसृष्टी. तिच्यातले देव सुंदर आहेत आणि त्यांच्या नावांना नाद आहे; परंतु त्यांच्या भूमीवर कोणाला राहता येत नाही. एकामागून एक येणारे प्रेषितही ज्ञानाचा दावा करतात आणि मुंगच्या हाती पडतात. भूगोलावाचूनच्या दैवतशास्त्राला कथा धारण करता येत नाही, हे या पुस्तकातून दिसते.

४

टोल्किनचे 'द सिल्मरिलियन' १९७७ साली, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, त्याचा मुलगा ख्रिस्तोफर याच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९५४-५५ मध्ये आलेल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देवतांचे उल्लेख अत्यंत विरळ आहेत. म्हणजे वाचकाला भूमी आधी भेटली आणि देव बावीस वर्षांनी, जरी लेखकाच्या वहीत देव फार आधीपासून होते.

'सिल्मरिलियन'च्या आरंभी दोन परिचयपर प्रकरणे आहेत. 'आइनुलिन्दाले' या पहिल्या प्रकरणात एक इलूवातार आपल्या विचारातून उत्पन्न केलेल्या आइनुरांना एक सूत्र देतो आणि त्यावर गाण्यास सांगतो. मेल्कोर त्या गायनात स्वतःचे विसंवादी सूर मिसळतो. संगीत बिघडते, इलूवातार पुन्हा नवे सूत्र देतो. अखेरीस तो सुनावतो की, ज्याचा उगम आपल्यात नाही असा एकही सूर कोणाला वाजवता येणार नाही, आणि जो तसा प्रयत्न करील तो नकळत त्याच्याच योजनेचे साधन ठरेल. पाण्याची कल्पना करणारा उल्मो याला इलूवातार दाखवून देतो की, मेल्कोरच्या कडाक्याच्या थंडीने पाणी नष्ट झाले नाही, उलट हिमाचे सौंदर्य जन्माला आले.

विश्वामित्राच्या कथेशी याची तुलना उद्बोधक आहे. तिथे देवांना तडजोड करावी लागते. येथे तडजोडीची वेळच येत नाही, कारण बंडखोराचे स्वरही आधीच मूळ रचनेत सामावलेले आहेत. टोल्किनच्या सृष्टीत प्रतिसृष्टी तत्त्वतःच अशक्य आहे. मेल्कोरला निर्माण करता येत नाही, केवळ विकृत करता येते.

याच तत्त्वाची दुसरी बाजू आउलेच्या कथेत येते. आउले हा घडणीचा देव आहे. एल्फ आणि मानव येण्याची वाट पाहणे असह्य होऊन तो गुप्तपणे बुटक्यांचे सात पूर्वज घडवतो. इलूवातार जाब विचारतो तेव्हा आउले आपला अपराध कबूल करतो आणि हातोडा उचलून स्वतःची निर्मिती मोडायला निघतो. बुटके भीतीने मागे सरतात, कारण तोवर इलूवातारने त्यांना स्वतःचे जीवन दिलेले असते. कर्त्याने कृतीवरचा हक्क सोडला आणि कृती जिवंत झाली. टोल्किनच्या निबंधात जी भूमिका तर्काने मांडलेली आहे तीच येथे कथेच्या रूपाने येते. मेल्कोर हा प्रतिसृष्टीचा कर्ता होऊ पाहणारा, आउले हा उपसृष्टीचा कर्ता. देवतांचा हा परिचय म्हणजे कलावंतांचेच वर्गीकरण आहे.

'वालाक्वेन्ता' हे दुसरे प्रकरण तर सरळसरळ यादी आहे. सात अधिपती, सात राण्या, त्यांचे सेवक, आणि शेवटी शत्रू. पण या यादीतही एक मार्मिक तपशील आहे. मृतांच्या घराचा रक्षक नामो आणि स्वप्नांचा स्वामी इर्मो हे दोघे आपल्या मूळ नावांनी फारसे ओळखले जात नाहीत. त्यांना मान्डोस आणि लोरिएन म्हणतात, आणि ही त्यांच्या निवासस्थानांची नावे आहेत. देव भूमीच्या नावाने ओळखला जातो. निएन्ना ही शोकाची देवता जगाच्या पश्चिम सीमेवर एकटी राहते आणि तिच्या घराच्या खिडक्या जगाच्या भिंतींबाहेर उघडतात. तिचा स्वभाव सांगण्यासाठी विशेषणांची गरज उरत नाही, घराची जागाच तो सांगते. डन्सेनीच्या देवांना असे घर नाही. टोल्किनने दैवतशास्त्र आणि भूगोल यांचा जो सांधा जोडला त्यामुळेच त्याच्या देवांभोवती कथा उभी राहू शकली.

भूमीचा सविस्तर परिचय मात्र बराच उशिरा येतो. बेलेरियान्ड आणि तेथील राज्ये यांच्यावरचे प्रकरण 'क्वेन्ता सिल्मरिलियन'मध्ये चौदावे आहे. तोवर युद्धे झालेली आहेत, शपथा घेतल्या गेल्या आहेत, रक्त सांडले आहे. नद्या, डोंगर, सीमा आणि कोणता राजपुत्र कुठे वसला याची ही नोंद कंटाळवाणी वाटते, अशी तक्रार होऊ शकते. परंतु ग्रंथाच्या शेवटी हीच भूमी उद्ध्वस्त होऊन समुद्राखाली जाते. नोंद करणाऱ्याला हे आधीपासून ठाऊक आहे. सात नद्यांच्या ओसिरियान्डचे वर्णन ही मग माहिती राहत नाही, ती मृत्युलेखाची पूर्वतयारी ठरते.

येथेही निवेदकाच्या अधिकाराचा प्रश्न आहेच. 'वालाक्वेन्ता' हा एल्दारांच्या परंपरेनुसार सांगितलेला वृत्तान्त आहे असे तिचे उपशीर्षक सांगते. परंतु ही परंपरा कोणी लिहून ठेवली आणि ती आजच्या वाचकापर्यंत कशी आली, हे १९७७ च्या ग्रंथात सांगितलेले नाही. अशी चौकट न देता ग्रंथ प्रसिद्ध करणे ही चूक होती, असे ख्रिस्तोफर टोल्किन याने १९८३ साली 'द बुक ऑफ लॉस्ट टेल्स'च्या प्रास्ताविकात मान्य केले. ही कबुली महत्त्वाची आहे. उपसृष्टीलाही साक्षीदार लागतो. साक्षीदारावाचून सांगितलेली देवांची कथा आज्ञेसारखी ऐकू येते, आणि आज्ञेवर 'दुय्यम विश्वास' बसणे कठीण असते.

५

ले ग्विनच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) या कादंबरीत परिचयाची दिशा उलटी आहे. आरंभी तिने स्वतः काढलेला नकाशा आहे. शेकडो बेटे आहेत, खंड नाही. त्यानंतर सृष्टिगीताचा म्हणून एक छोटा काव्यखंड येतो आणि शब्द-मौन, प्रकाश-अंधार, जीवन-मृत्यू यांचे परस्परावलंबन सुचवतो. देवतांची यादी येत नाही. सेगॉय याने बेटे समुद्रातून वर आणली आणि ज्या भाषेत आणली ती आदिभाषा, एवढाच उल्लेख पुरेसा ठरतो. द्वीपसमूहात देव-देवळांचे प्रस्थ नाही. रीतसर देव आणि पुजारी आहेत ते पूर्वेकडील कार्गाद भूमीत. तिथले जुळे देव, स्वतःला देव म्हणवणारा राजा आणि अनाम शक्तींची पूजा यांचा परिचय 'द टूम्ब्ज ऑफ आटुआन' (१९७१) मध्ये एका मुलीच्या बंदिवासातून होतो.

मग परिचयाचे काम कोण करते? ले ग्विन ते अभ्यासक्रमावर सोपवते. रोक बेटावरील विद्यापीठात शिकणारा गेड नामगुरूच्या एकाकी मनोऱ्यात जातो, तेव्हा त्याला लोसो नावाच्या एका क्षुद्र बेटाच्या किनाऱ्यावरील प्रत्येक भूशिराचे, आखाताचे आणि खडकाचे खरे नाव पाठ करावे लागते. अद्भुतिकेचा वाचक ज्या स्थलनामांच्या याद्या ओलांडून जातो, त्याच यादीपुढे येथे नायकाला बसवले आहे. नाव ठाऊक असणे हेच सामर्थ्य आणि ते वापरणे हीच जबाबदारी, कारण एक खडा बदलला तरी जगाचा तोल हलतो. निर्मात्याच्या जागी नामज्ञ आला आहे. जग आधीपासून आहे, ते अचूक ओळखायचे एवढेच माणसाच्या हाती आहे.

परंतु ले ग्विनचा खरा विशेष यानंतर दिसतो. 'टेहानू' (१९९०) पासून ती स्वतःच्याच सृष्टीची उलटतपासणी करते. २००१ साली आलेल्या 'टेल्स फ्रॉम अर्थसी' या संग्रहाच्या शेवटी तिने अर्थसीच्या लोकांचा, भाषांचा आणि इतिहासाचा परिचय दिला. म्हणजे पहिल्या कादंबरीनंतर तेहतीस वर्षांनी, आणि पुस्तकाच्या अखेरीस. रोकचे विद्यापीठ उभारण्यात स्त्रियांचा वाटा होता आणि पुढे त्यांनाच तिथून वगळण्यात आले, हे वाचकाला आता कळते. पहिल्या कादंबरीत जे नैसर्गिक वाटत होते ते ऐतिहासिक होते. आरंभीचा परिचय देणारा आवाज निष्पक्ष नव्हता, तो रोकचा आवाज होता.

त्याच वर्षीच्या 'द अदर विंड' या कादंबरीत ही तपासणी मृतांच्या भूमीपर्यंत पोहोचते. 'द फार्दस्ट शोअर' (१९७२) मध्ये मृतांची ती कोरडी भूमी अटळ सत्य म्हणून आली होती. आता उघड होते की, अमरत्वाच्या लोभाने प्राचीन मांत्रिकांनी ड्रॅगनांच्या पश्चिमेचा एक भाग हिरावला, मंत्राने वेढला आणि तिथेच हे निष्प्राण जग तयार झाले. ही विश्वामित्री प्रतिसृष्टीच होय: मूळ सृष्टीच्या नियमावर रुसून उभारलेली, तिच्या मार्गाबाहेर लटकत राहिलेली, आणि त्रिशंकूप्रमाणे ज्यांच्यासाठी ती उभारली त्यांनाच सुख न देणारी. कादंबरीच्या शेवटी तिची भिंत पाडली जाते आणि मृत मुक्त होतात. टोल्किनने प्रतिसृष्टी अशक्य ठरवली होती. ले ग्विन ती शक्य मानते आणि तिची किंमत कोण चुकवतो हे विचारते.

६

या तीन उदाहरणांतून परिचयाचे तीन प्रकार हाती येतात. डन्सेनीचा निवेदक अधिकार सांगून तो विरघळवतो. टोल्किनचा निवेदक अधिकार श्रेष्ठ निर्मात्याकडे सोपवतो. ले ग्विन स्वतःच्याच निवेदकाचा अधिकार पुढे कालौघात तपासायला घेते. तिन्ही ठिकाणी देवता आणि भूमी यांची मांडणी ही लेखकाच्या निर्मितिविषयक भूमिकेची मांडणी आहे. म्हणून परिचय-भाग गाळून केलेले अद्भुतिकेचे विश्लेषण अपुरे राहते.

मराठी वाचकाच्या दृष्टीने येथे आणखी एक प्रश्न उपस्थित होतो. पुराणांतील भुवनकोश, सप्तद्वीपे आणि मेरू, तसेच क्षेत्रोक्षेत्रीची माहात्म्ये यांच्यामुळे भूमी आणि देवता यांचा एकत्र परिचय त्याला नवा नाही. महानुभावांच्या स्थानपोथीत तर चक्रधरांच्या लीळा जिथे घडल्या त्या स्थानांची नोंद दिशा सांगत केलेली आहे. पण स्थानपोथीचा वाचक उठून तिथे जाऊ शकतो, नमस्कार करू शकतो. तिथे परिचयाची सार्थकता पायांनी सिद्ध होते. माहात्म्यग्रंथ विश्वासाला गृहीत धरतो आणि भूमी दाखवतो. अद्भुतिकेला विश्वासही निर्माण करावा लागतो आणि भूमीही. तेव्हा पुराणे आणि अद्भुतिका यांना बाह्य साम्यावरून एकाच कोटीत घालणे, किंवा 'हे सारे आपल्याकडे होतेच' असे म्हणून समाधान मानणे, हे दोन्हींवर अन्याय करणारे आहे. पुराणकाराला प्रतिसृष्टीची कथा सांगता आली, कारण त्याच्या पायाखाली मूळ सृष्टी पक्की होती.

अद्भुतिकेच्या लेखकापाशी तो आधार नाही. त्याचे पहिले विधान हीच त्याची पहिली भूमी असते. ते विधान कोणाच्या नावाने केले आहे, हे त्याने वाचकाला कधीतरी सांगावे लागते, आणि समीक्षेने ते विचारावे लागते.